कळंब आधी की कशेळे? : स्टँडर्ड लायब्ररी बदलताना काय तपासावं

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतल्या गावांची नावं वर्णानुक्रमे लावणारा एक छोटा प्रोग्राम मी सी++ मध्ये लिहिला होता. काम साधं होतं. नावं वाचायची, मराठी क्रमाने लावायची, छापायची. माझ्या संगणकावर यादी अशी आली : कडाव, कर्जत, कशेळे, कळंब. मग तोच प्रोग्राम, त्यातलं एक अक्षरही न बदलता, दुसऱ्या एका लहान लिनक्स यंत्रावर कंपाइल केला. यादी आली : कडाव, कर्जत, कळंब, कशेळे. दोन्हीकडे प्रोग्राम बिनतक्रार चालला, पण उत्तरं दोन आली.

शाळेत शिकलेली वर्णमाला आठवली की पहिली यादी पटते. य, र, ल, व, श, ष, स, ह आणि त्यानंतर ळ. म्हणून ‘श’चं कशेळे आधी आणि ‘ळ’चं कळंब नंतर. युनिकोडच्या तक्त्यात मात्र ळ बसवलेला आहे ल आणि व यांच्या मधे. अक्षरांचे नुसते क्रमांक पाहिले तर कळंब आधी येणारच. माझ्या संगणकावरची सी लायब्ररी जीलिबसी होती. मराठी क्रमाचे नियम मी लोकेलच्या, म्हणजे भाषेचे नियम सांगणाऱ्या, फाइलीत घातले होते आणि ही लायब्ररी ते वाचत होती. दुसऱ्या यंत्रावर मसल नावाची लायब्ररी होती. क्रमासाठी जे फंक्शन मी बोलावत होतो, ते मसलमध्येही आहे, त्याच नावाने आहे. पण तिथे ते भाषेचे नियम बघत नाही, बाइट्सची सरळ तुलना करून मोकळं होतं.

एक लायब्ररी काढून तिच्या जागी दुसरी आणली, कंपायलर बदलला, तरी प्रोग्राम तसाच वागेल का? हे तपासायचं कसं, ते या यादीच्या निमित्ताने पायरी-पायरीने पाहू.

एक मानक, अनेक लायब्रऱ्या

कंपायलर आपला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवतो. पण शब्दांची लांबी मोजणं, यादी लावणं, फाइल उघडणं, छापणं ही कामं आपण दर वेळी मुळापासून लिहीत नाही. ती तयार मिळतात, तीच स्टँडर्ड लायब्ररी. त्यात काय असावं आणि त्याने कसं वागावं, हे मानकात लिहिलेलं असतं. सी भाषेचं अमेरिकी मानक १९८९ मध्ये आलं आणि पुढच्या वर्षी आंतरराष्ट्रीय झालं. सी++ चं पहिलं आंतरराष्ट्रीय मानक १९९८ चं.

मानक सांगतं ‘काय’, पण ‘कसं’ हे बरंचसं लायब्ररी लिहिणाऱ्यावर सोडतं. म्हणून एकाच मानकाच्या अनेक लायब्रऱ्या तयार होतात. जीसीसी कंपायलरसोबत येणारी सी++ लायब्ररी म्हणजे लिबस्टडसी++. एलएलव्हीएम प्रकल्पाची, क्लँग कंपायलरच्या बाजूची, लिबसी++. मायक्रोसॉफ्टची स्वतःची तिसरी. त्यांच्या खालच्या थरात सी लायब्ररी असते : बहुतेक लिनक्स यंत्रांवर जीलिबसी, अल्पाइन लिनक्सवर मसल, अँड्रॉइड फोनमध्ये बायोनिक.

दुसरी लायब्ररी वापरायची वेळ का येते? कधी यंत्र लहान असतं आणि मसलसारखी आटोपशीर लायब्ररी बरी पडते. कधी प्रत्येक कंपायलरची लायब्ररी वेगळ्या जागी अडते आणि सगळीकडे एकच न्यावी असं वाटतं. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात एसटीएलपोर्ट याच गरजेतून निघाली. बोरिस फोमिचेव यांनी सिलिकॉन ग्राफिक्सची लायब्ररी घेऊन ती अनेक कंपायलरांवर चालेल अशी केली. आणि कधी निवड आपल्या हातात राहत नाही. अँड्रॉइडच्या साधनसंचात एके काळी एसटीएलपोर्ट, जीसीसीच्या घरची लायब्ररी आणि लिबसी++ अशा तिन्ही मिळत. २०१८ मध्ये पहिल्या दोन काढून टाकल्या आणि लिबसी++ तेवढी ठेवली. ज्यांनी आधी तपासून ठेवलं होतं, त्यांना हा बदल सोपा गेला.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. ज्या एलएलव्हीएमने जीसीसीला तुल्यबळ पर्याय उभा केला, तो प्रकल्प २००० मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात विक्रम आडवे आणि त्यांचे विद्यार्थी क्रिस लॅटनर यांनी सुरू केला. आडवे यांचं अभियांत्रिकीचं शिक्षण आयआयटी मुंबईतलं. त्याच आयआयटीत प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने जीसीसी रिसोर्स सेंटर चाललं आणि जीसीसीच्या पोटात काय घडतं, हे तिथे कार्यशाळा घेऊन शिकवलं गेलं.

पहिली पायरी : कोणाशी गाठ आहे ते बघा

पुष्कळांना आपण कुठली लायब्ररी वापरतो हेच ठाऊक नसतं. ‘मी क्लँग वापरतो’ एवढ्याने काही कळत नाही. लिनक्सवर क्लँग सहसा जीसीसीच्या घरचीच लिबस्टडसी++ उचलतो, मॅकवर मात्र लिबसी++. म्हणजे कंपायलर बदलून टेस्ट केली तरी लायब्ररी तीच राहिलेली असू शकते. लायब्ररी बदलायची तर क्लँगला वेगळी खूण द्यावी लागते. लिनक्सवर तयार झालेल्या प्रोग्रामवर ‘एलडीडी’ ही आज्ञा चालवली की तो कुठल्या कुठल्या लायब्रऱ्या मागतो ते दिसतं. तपासणीच्या वहीत पहिली नोंद हीच असावी : कंपायलर कोणता, त्याची आवृत्ती, सी++ लायब्ररी कोणती, सी लायब्ररी कोणती.

इथे मसलचा एक नियम ध्यानात घेण्यासारखा आहे. ‘मी मसल आहे’ असं सांगणारी कुठलीही खूण तिने मुद्दाम ठेवलेली नाही. लायब्ररीचं नाव विचारून प्रोग्राम लिहू नका, हवी ती सोय आहे की नाही ते विचारा, हा तिच्या कर्त्यांचा आग्रह. तपासणी करणाऱ्यानेही हा धडा घ्यावा.

दुसरी पायरी : नुसतं कंपाइल करून बघा

अर्धी भांडणं इथेच बाहेर येतात आणि ती स्वस्तात मिटतात. प्रत्येक सोयीसाठी तिची हेडर फाइल मागवायची असते. पण एका हेडरच्या पोटातून दुसरी आपोआप येते आणि आपल्याला न मागता मिळालेल्याची सवय लागते. पुढे लायब्ररी बदलली किंवा तिने आतली आवराआवर केली की ती आयती आलेली वस्तू नाहीशी होते. २०२३ च्या जीसीसी १३ मध्ये हेच घडलं. ठरावीक आकाराच्या पूर्णांकांची हेडर फाइल आधी इतर हेडरांतून आपसूक येई, ती यायची बंद झाली आणि वर्षानुवर्षं कंपाइल होणारे प्रोग्राम अडले. चूक प्रोग्रामची होती, कारण त्यांनी ती फाइल कधी मागितलीच नव्हती. जे वापरायचं ते नाव घेऊन मागवायचं, हा यावरचा कायमचा उपाय.

तिसरी पायरी : जोड जमते का?

ही पायरी नेरळ स्टेशनवर उभं राहिलं की लवकर समजते. मुंबईहून येणारी गाडी १६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेज रुळांवर धावते. माथेरानची १९०७ ची गाडी धावते ६१० मिलिमीटरच्या नॅरोगेजवर. प्रवासी एका गाडीतून उतरून दुसरीत बसू शकतो. ब्रॉडगेजचा डबा मात्र माथेरानच्या रुळांवर चढत नाही, तो कितीही चांगला बांधलेला असला तरी.

प्रोग्रामचा मूळ मजकूर हा प्रवासी. तो नव्या लायब्ररीसोबत नव्याने कंपाइल करता येतो. आधीच कंपाइल होऊन बसलेली फाइल हा डबा. तिच्यात लायब्ररीची मापं कायमची कोरली गेलेली असतात. साध्या ‘स्ट्रिंग’चं उदाहरण घ्या. ६४ बिटी यंत्रावर ती लिबस्टडसी++ मध्ये ३२ बाइट्सची असते आणि लिबसी++ मध्ये २४ बाइट्सची. प्रोग्रामचा एक भाग एकीवर आणि दुसरा भाग दुसरीवर कंपाइल केला आणि एकाने दुसऱ्याला स्ट्रिंग दिली, तर घेणारा चुकीच्या मापाने ती वाचेल. या दोन लायब्रऱ्या आपापली नावं आतून वेगळी ठेवतात, म्हणून बहुतेक वेळा जोड लावतानाच तक्रार येते आणि आपण वाचतो. अशी तक्रार आली तर ती दाबून टाकू नये, तिने आपलं नुकसान टाळलेलं असतं.

एकाच लायब्ररीतही रूळ बदलतात. सी++ च्या २०११ च्या मानकाने स्ट्रिंगसाठी नवे नियम घातले. ते पाळायला जीसीसी ५ ने, २०१५ मध्ये, लिबस्टडसी++ ची स्ट्रिंग नव्याने घडवली. जुन्या मापाने बनवलेल्या फाइली आणि नव्या मापाच्या फाइली जोडताना त्या काळात अनेकांना अडचणी आल्या. म्हणून या पायरीचा नियम साधा : लायब्ररी बदलली की सगळं मुळापासून पुन्हा कंपाइल करायचं. बाहेरून तयार आणलेले भाग कुठल्या लायब्ररीवर बांधलेत, तेही विचारून घ्यायचं.

चौथी पायरी : चालवा, आणि मराठीतच चालवा

आता प्रोग्राम कंपाइल झाला, जोडही जमली. यापुढचे फरक गुपचूप असतात. टेस्टमध्ये कुठली माहिती घालतो, यावर ते सापडणं न सापडणं ठरतं.

स्ट्रिंगकडेच पुन्हा जवळून बघू. लहान शब्द साठवायला प्रत्येक वेळी वेगळी जागा मागायला नको, म्हणून स्ट्रिंगच्या पोटातच थोडी जागा ठेवलेली असते. लिबस्टडसी++ मध्ये ती १५ बाइट्सची, लिबसी++ मध्ये २२ बाइट्सची. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट्स घेतं. ‘कर्जत’ म्हणजे क, र, हलन्ताची खूण, ज आणि त अशी ५ चिन्हं, १५ बाइट्स. दोन्ही लायब्रऱ्यांत पोटातच मावतं. ‘खालापूर’ म्हणजे ७ चिन्हं, २१ बाइट्स. लिबसी++ मध्ये पोटात मावतं, लिबस्टडसी++ मध्ये मात्र बाहेर वेगळी जागा घ्यावी लागते.

याने काय बिघडतं? समजा एखाद्याने स्ट्रिंगच्या आतल्या अक्षरांचा पत्ता टिपून ठेवला आणि मग ती स्ट्रिंग दुसरीकडे हलवली. अक्षरं बाहेरच्या जागेत असतील तर ती जागच्या जागी राहतात आणि जुना पत्ता योगायोगाने चालून जातो. ती पोटात असतील तर स्ट्रिंगसोबत जातात आणि जुना पत्ता फसतो. म्हणजे हा चुकीचा प्रोग्राम लिबस्टडसी++ वर ‘खालापूर’ला नीट चालेल आणि ‘कर्जत’ला कोलमडेल. लिबसी++ वर दोन्हीला कोलमडेल. टेस्टमध्ये फक्त लांब नावं घातली असती तर ही चूक पहिल्या लायब्ररीवर कधीच दिसली नसती. म्हणून सीमेच्या अलीकडची आणि पलीकडची, दोन्ही लांबीची नावं टेस्टमध्ये हवीत.

दुसरा फरक अक्षर ओळखण्याचा. ‘हे अक्षर आहे का?’ असं विचारणारं सी चं जुनं फंक्शन एका वेळी एक बाइट घेतं. इंग्रजी अक्षरांचे बाइट्स १२७ च्या आत असतात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट असतो २२४. इंटेलच्या यंत्रांवर साधा ‘कॅर’, म्हणजे एक बाइट ठेवणारा प्रकार, सहसा धन-ऋण दोन्ही धरतो, तेव्हा २२४ चा होतो उणे ३२. मानक म्हणतं, या फंक्शनला असा ऋण आकडा द्यायचाच नाही. दिला तर? जीलिबसीने आपला तक्ता उणे १२८ पर्यंत मागे वाढवून ठेवलाय, ती सांभाळून घेते. मायक्रोसॉफ्टची तपासणीसाठीची लायब्ररी प्रोग्राम तिथेच थांबवते. इंग्रजी नावांवर वर्षभर टेस्ट केली तरी हा दोष सापडायचा नाही, ‘चौक’ हे दोन अक्षरी नाव टाकलं की लगेच सापडतो.

तिसरा फरक समान गोष्टींच्या क्रमाचा. गावांची यादी आधी नावाने लावली, मग तीच तालुक्याने लावली. आपली अपेक्षा अशी की प्रत्येक तालुक्यात नावांचा क्रम टिकून राहील. पण सी++ चं साधं ‘सॉर्ट’ असं वचन देत नाही. लिबस्टडसी++ मध्ये १६ पर्यंतच्या छोट्या याद्या अशा रीतीने लावल्या जातात की क्रम टिकतो. यादी त्याहून मोठी झाली की रीत बदलते आणि क्रम मोडू शकतो. १२ गावांवर टेस्ट करणाऱ्याला सगळं बरोबर दिसेल, पूर्ण तालुका घेतला की घोटाळा होईल. क्रम टिकायलाच हवा असेल तर ‘स्टेबल सॉर्ट’ मागावं. लिबसी++ मध्ये एक फार उपयोगी सोय आहे. तपासणीच्या वेळी समान गोष्टींचा क्रम ती मुद्दाम पिसून देते. जो प्रोग्राम सवयीवर विसंबलाय, तो लगेच उघडा पडतो.

सवय किती खोल जाते, याचं उदाहरण जीलिबसीचंच. सी च्या ‘क्यूसॉर्ट’कडूनही क्रम टिकवण्याचं वचन मानकात नाही. पण जीलिबसीची आतली रीत अशी होती की तो सहसा टिकायचा. मसलची रीत वेगळी, तिथे टिकत नाही. २०२३ मध्ये जीलिबसीच्या कर्त्यांनी आपली रीत बदलली. सवयीवर बेतलेले प्रोग्राम बिघडल्याचं दिसलं आणि पुढची आवृत्ती बाहेर पडण्याआधीच, २०२४ च्या जानेवारीत, जुनी रीत परत आणावी लागली.

चौथा फरक यादृच्छिक आकड्यांचा. सी++ मधलं ‘मर्सेन ट्विस्टर’ हे यंत्र मानकाने अक्षरशः बांधून टाकलंय. त्याचा ३२ बिटी प्रकार मूळ स्थितीत सुरू केला तर दहा हजारावा आकडा ४१२३६५९९९५ यायलाच हवा, असं मानकातच छापलेलं आहे. पण त्याच आकड्यांतून ‘१ ते ६ मधला एक’ काढून देणारं साधन मात्र प्रत्येक लायब्ररी आपल्या रीतीने लिहू शकते. पहिल्याची उत्तरं सगळीकडे जुळवावीत, दुसऱ्याची जुळतील अशी अपेक्षाच ठेवू नये.

आणि एक फरक जागेचा. मसलमध्ये नव्या थ्रेडला न सांगता मिळणारा स्टॅक १२८ किलोबाइट्सचा, जीलिबसीवर सहसा ८ मेगाबाइट्सचा. थ्रेडमध्ये मोठी यादी ठेवणारा प्रोग्राम एकीकडे वर्षानुवर्षं चालतो आणि दुसरीकडे पहिल्याच फेरीत पडतो.

पाचवी पायरी : कोष्टक मांडा

हे सगळं एकदा करून भागत नाही. दोन कंपायलर, दोन सी++ लायब्रऱ्या, दोन सी लायब्रऱ्या आणि कंपायलरने सुधारणा कराव्यात की नाही हे दोन पर्याय घेतले तरी २ × २ × २ × २ म्हणजे १६ घरं होतात. प्रत्येक घरात त्याच टेस्ट चालवायच्या आणि उत्तरं शेजारी ठेवायची. सगळी घरं रोज चालवणं जमत नसेल तर रोज दोन-तीन चालवावीत आणि आठवड्यातून एकदा सगळी.

मोठे प्रकल्पही असंच करतात. लिबसी++ च्या टेस्ट दोन ढिगांत ठेवलेल्या आहेत. एका ढिगात फक्त मानकाने सांगितलेलं, दुसऱ्यात त्या लायब्ररीचं स्वतःचं. पहिला ढीग कुठल्याही लायब्ररीवर चालवता येतो. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपली सी++ लायब्ररी खुली केली. तिच्या तपासणीतही या लिबसी++ च्या टेस्ट चालतात, आणि ज्या फसतात त्यांची कारणांसह यादी ठेवली जाते. ही यादी ठेवण्याची शिस्त आपणही उचलावी. माहीत असलेली चूक लिहून ठेवली की नवी चूक वेगळी उठून दिसते.

सहावी पायरी : निवाडा

दोन घरांत दोन उत्तरं आली की लगेच ‘लायब्ररीत बग आहे’ म्हणू नये. आधी मानक उघडावं आणि चारांपैकी कुठलं प्रकरण आहे ते ठरवावं. मानकाने उत्तर बांधून दिलंय आणि एका लायब्ररीने ते दिलं नाही, तर दोष लायब्ररीचा. लहानात लहान उदाहरण करून तिच्या कर्त्यांना कळवावं. मानकाने निवड लायब्ररीवर सोडून ती नोंदवायला सांगितली असेल, तर नोंद वाचावी आणि प्रोग्राममध्ये तशी सोय करावी. मानकाने काहीच वचन दिलं नसेल, जसं समान गोष्टींच्या क्रमाचं, तर प्रोग्रामने त्यावर विसंबणं सोडावं. आणि मानकाने जे करूच नका म्हटलंय, जसं उणे ३२, ते आपण केलं असेल तर कुठलंही उत्तर बरोबर मानू नये, चालून गेलेलंसुद्धा.

कळंब-कशेळेचा वाद दुसऱ्या प्रकारात मोडतो. भाषेचा क्रम लोकेलवर अवलंबून असतो आणि मसल तो पाळत नाही, हे तिने लपवलेलं नाही. दोष माझ्या गृहीताचा होता. आता त्या प्रोग्राममध्ये मराठीचा क्रम मी स्वतःच्या तक्त्यात ठेवलाय. यादी सगळ्या घरांत सारखी येते.

मराठीसाठी प्रोग्राम लिहिणाऱ्या प्रत्येकाला एवढंच सांगणं आहे. तुमच्या टेस्टच्या फाइलीत आजच दहा मराठी शब्द घाला. त्यात ‘ळ’चा एक असू द्या, ‘शेतकऱ्या’तल्यासारख्या ‘ऱ्य’चा एक, जोडाक्षराचा एक, पंधरा बाइट्सचा एक आणि त्याहून लांब एक. जगातल्या लायब्रऱ्या तपासणारे पुष्कळ आहेत, पण कळंब आणि कशेळे यांचा क्रम आपल्यासाठी कोणी तपासून ठेवणार नाही. तो आपल्यालाच तपासावा लागेल.